शेंगेनच्या व्हिसावर शेजारच्या देशात: जाता येतं, पण परत यायचं कसं?

डुब्रोव्हनिकच्या जुन्या शहराचा पिले दरवाजा ओलांडून बाहेर आलं की सहलींचे कागद वाटणारी मुलं भेटतात. उद्या कोटोर, परवा मोस्तार. सकाळी सातला बस, रात्री जेवायच्या वेळेला परत. आम्ही चौघांची नावं जवळपास देऊनच टाकली होती. रात्री खोलीवर सहज पासपोर्ट चाळले, तर माझ्या आणि बायकोच्या व्हिसावर 'मल्ट' (म्हणजे कितीही वेळा प्रवेश) छापलेलं आणि आईबाबांच्या व्हिसावर नुसतं ०१, म्हणजे एकच प्रवेश. अर्ज एकाच दिवशी भरले होते, कागदपत्रंही तीच जोडली होती. तरी असं होऊ शकतं, आणि होतं.

डुब्रोव्हनिक क्रोएशियात, म्हणजे शेंगेनमध्ये, एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. कोटोर मॉन्टेनेग्रोत, म्हणजे त्या गटाबाहेर. बसमध्ये बसून सीमा ओलांडली असती की आईबाबांचा तो एकुलता एक प्रवेश तिथेच संपला असता. संध्याकाळी बस क्रोएशियाच्या नाक्यावर परत आली असती तेव्हा आम्हा दोघांना आत घेतलं असतं, त्यांना नाही. बॅगा हॉटेलात, परतीची तिकिटं झाग्रेबहून, आणि सत्तरीची दोन माणसं सीमेवरच्या शेडमध्ये. आम्ही गेलो नाही. आई म्हणाली, "समुद्र काय, इकडचा आणि तिकडचा एकच," आणि विषय मिटला.

तेव्हापासून "शेंगेन व्हिसावर सर्बियाला जाता येतं का रे?" असा फोन आला की मी हो किंवा नाही असं उत्तर देत नाही, उलट दोन प्रश्न विचारतो. शेजारचा देश तुम्हाला आत घेईल का? आणि तिथून पुन्हा शेंगेनमध्ये यायचं आहे का? पहिल्याचं उत्तर शेजारच्या देशाच्या कायद्यात असतं, दुसऱ्याचं तुमच्या पासपोर्टात चिकटवलेल्या स्टिकरवर. लोक पहिल्याचं उत्तर शोधण्यात इतके गुंततात की दुसरा प्रश्न सीमेवरच्या रांगेत आठवतो.

आधी शेंगेन म्हणजे नेमकं कुठवर?

शेंगेन (आपल्याकडे बरेच जण शेंजेन म्हणतात) हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक गाव. तिथे लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि जर्मनी या तिघांच्या सीमा भेटतात. १४ जून १९८५ रोजी नदीत उभ्या असलेल्या 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' या बोटीवर पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू उठवण्याचा करार केला. नाके खरोखर उठले ते मार्च १९९५मध्ये. आज या गटात २९ देश आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी आत आला. रोमानिया आणि बल्गेरिया आधी विमानतळ आणि बंदरांपुरते आले आणि १ जानेवारी २०२५पासून रस्त्याच्या सीमांसकट पूर्ण आले. इंटरनेटवरचे जुने लेख वाचताना ही सालं लक्षात ठेवा, कारण 'क्रोएशिया शेंगेनमध्ये नाही' असं सांगणारी पानं अजूनही निवांत पडलेली आहेत.

गोंधळ होतो तो तीन वर्तुळांमुळे. युरोपीय संघ, शेंगेन आणि युरो चलन ही तीन वेगळी वर्तुळं आहेत. आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन यांचं नेमकं उलटं आहे. आणि मॉन्टेनेग्रो आणि कोसोवो यांची तर गंमतच, दोन्ही वर्तुळांच्या बाहेर राहून ते युरो वापरतात. डुब्रोव्हनिकला ज्या नोटांनी कॉफी घेतली त्याच नोटांनी कोटोरलाही मिळते, त्यामुळे आपण दुसऱ्या व्यवस्थेत पाऊल टाकलंय हे माणसाला जाणवतच नाही.

पाटलांच्या वाड्यावरचा पाहुणा

एका गटाचा व्हिसा त्या गटाबाहेरच्या देशानं का मानावा? गावात पाटलांच्या वाड्यावर कोणी पाहुणा उतरला असेल तर आसपासची चार घरं त्याला "कोण, कुठले" असं खोदून विचारत नाहीत. पाटलांनी विचारलं असेलच, हा भरवसा असतो. चहा पुढे येतो. शेंगेन व्हिसाचं बाल्कन देशांत, म्हणजे सर्बिया, मॉन्टेनेग्रो अशा आग्नेय युरोपातल्या देशांत, असंच होतं. तुमचे बँकेचे व्यवहार, पगाराच्या पावत्या, परतीचं तिकीट, बोटांचे ठसे, आधीचे प्रवास हे सगळं भारतातल्या एखाद्या युरोपीय वकिलातीनं पाहून झालेलं असतं. सव्वासहा लाख वस्तीच्या मॉन्टेनेग्रोला तेच पुन्हा तपासायला जगभर वकिलाती थाटणं परवडणारं नाही. पर्यटक तर हवेत. मग तो आपल्या कायद्यात लिहून टाकतो, की ज्याच्याकडे शेंगेनचा चालू व्हिसा आहे त्याला आमचा वेगळा व्हिसा नको.

यासाठी शेंगेनशी कुठलाही करार लागत नाही. ही सवलत एकतर्फी असते. म्हणूनच ती उलट दिशेनं चालत नाही. सर्बियाचा व्हिसा घेऊन हंगेरीत शिरता येत नाही. शेजाऱ्याकडे चहा प्यायलात म्हणून वाड्याचं दार उघडत नाही. आणि एकतर्फी असल्यामुळे प्रत्येक शेजाऱ्याच्या अटी वेगळ्या असतात, आणि तो त्या हव्या तेव्हा बदलू शकतो.

सर्बियाचंच बघा. २०१७पासून भारतीय पासपोर्टवर तिथे कुठल्याही व्हिसाशिवाय ३० दिवस राहता येत असे. बेलग्रेडला उतरून तिथून पुढे चोरवाटेनं युरोपीय संघात शिरणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून संघानं सर्बियावर दबाव आणला. सर्बिया स्वतः संघाच्या दारात सदस्य होण्यासाठी उभा आहे, त्यामुळे ऐकावं लागलं. १ जानेवारी २०२३पासून भारतीयांची ती सूट गेली. शेंगेन व्हिसावाल्यांची राहिली, कारण ज्याच्याकडे आत जायचा परवाना आहे तो चोरवाटेनं कशाला जाईल?

सहा शेजारी, सहा अटी

आता एकेकाकडे जाऊ. हे सगळं भारतीय पासपोर्ट आणि पर्यटनाची छोटी सहल धरून सांगतोय.

सर्बिया त्यातल्या त्यात सढळ. शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं, फक्त तुमच्या व्हिसाची तारीख त्याआधी संपायला नको. अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या व्हिसालाही तो हीच सवलत देतो. एक छोटी गोष्ट अनेकांना माहीत नसते. सर्बियात परदेशी माणसाची २४ तासांत पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेल हे काम आपणहून करतं, पण मित्राकडे किंवा कुणाच्या घरी उतरलात तर घरमालकाला आठवण करून द्यायची.

मॉन्टेनेग्रोत ३० दिवस. इथेही व्हिसाची मुदत संपण्याच्या आत बाहेर पडायचं.

बोस्निया-हर्झेगोविना इथून अट कडक होते. व्हिसा बहुप्रवेशाचा, म्हणजे 'मल्ट' असलेलाच लागतो. तो असेल तर ३० दिवसांपर्यंत राहता येतं. मोस्तारचा जुना पूल बघायला म्हणून लोक जातात, आणि जायलाच हवं. १५६६चा तो दगडी कमानीचा पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी युद्धात तोफांनी पाडला गेला आणि २००४मध्ये पुन्हा तसाच उभा केला.

उत्तर मॅसेडोनियालाही 'मल्ट' हवा. एका वेळी १५ दिवस राहता येतं. शिवाय त्यांची एक खास अट आहे: तुमचा शेंगेन व्हिसा तिथला मुक्काम संपल्यानंतर आणखी किमान पाच दिवस चालू असला पाहिजे. ओह्रिदच्या तळ्याकाठी सहलीचे शेवटचे तीन दिवस घालवायचे आणि व्हिसा संपतो त्याच दिवशी विमान पकडायचं, असा बेत इथे फसतो.

अल्बानिया दिवसांच्या बाबतीत उदार आहे, १८० दिवसांत ९०. पण त्यांना 'मल्ट' हवा, आणि तो आधी एकदा तरी शेंगेनमध्ये वापरलेला हवा. कोरा करकरीत पाच वर्षांचा व्हिसा घेऊन मुंबईहून थेट तिरानाला निघालात तर तो पुरेसा धरला जात नाही. आधी रोम, मग तिराना असा क्रम लावला की तोच व्हिसा चालतो. पाटलांच्या वाड्यात एकदा राहून आलेला पाहुणाच त्यांना पाहुणा वाटतो, एवढाच त्याचा अर्थ.

कोसोवो हे प्रकरण वेगळं. शेंगेनच्या बहुप्रवेश व्हिसावर तिथे १५ दिवस जाता येतं. पण सर्बिया कोसोवोला देश मानत नाही, तो अजूनही आपलाच प्रांत समजतो. भारतानंही कोसोवोला मान्यता दिलेली नाही, त्यामुळे तिथे पासपोर्ट हरवला तर धावून जायला आपली वकिलात नाही. आणि प्रवासातली मोठी अडचण अशी: तुम्ही उत्तर मॅसेडोनियातून किंवा अल्बानियातून कोसोवोत शिरलात आणि तिथून सर्बियात जाऊ म्हणालात, तर सर्बियाच्या लेखी तुम्ही त्यांच्या देशात बेकायदा वाटेनं शिरलेले ठरता. कोसोवोची राजधानी प्रिश्टिना बघायचीच असेल तर आलात त्याच बाजूनं परत जा, किंवा सर्बियातून जाऊन सर्बियातच परत या.

जरा लांबच्या दोघांबद्दल. जॉर्जिया शेंगेनला लागून नाही, तरी शेंगेन व्हिसावाल्यांना १८० दिवसांत ९० दिवस राहू देतो. तुर्कस्तानचं नीट समजून घ्या, कारण इथे 'शेंगेन व्हिसावर जाता येतं' हे वाक्य अर्धवट आहे. तुर्कस्तानचा व्हिसा लागतोच. शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा असला तर तो घरबसल्या त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर काढता येतो, एकदाच प्रवेश, ३० दिवस. मात्र आधाराला दाखवायचा व्हिसा पासपोर्टातला कागदी हवा, दुसऱ्या कुणाचा ई-व्हिसा चालत नाही.

आणि ज्यांच्याकडे मुळीच चालत नाही ते दोन मोठे: ब्रिटन आणि आयर्लंड. पॅरिसहून लंडन रेल्वेनं सव्वादोन-अडीच तासांत येतं म्हणून लोकांना वाटतं की जाऊन येऊ. नाही.

व्हॅटिकन, सान मारिनो आणि मोनॅको यांची काळजी करू नका, तिथे तुम्ही कधी शिरलात आणि कधी निघालात हे तुम्हालाही कळत नाही. पायरेनीज डोंगरातला अँडोरा मात्र कागदोपत्री शेंगेनबाहेर आहे. त्याला विमानतळ नाही, फ्रान्स किंवा स्पेनमधूनच जावं लागतं. त्याचा स्वतःचा व्हिसा नाही, पण परतताना तुम्ही पुन्हा शेंगेनमध्ये शिरता, म्हणजे दुसरा प्रवेश मोजला जाऊ शकतो. नाक्यावर रोज प्रत्येकाला अडवतात असं नाही. ०१ असलेला व्हिसा घेऊन नशिबाची परीक्षा घ्यायची का, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी घेणार नाही.

स्टिकर वाचायला शिका

व्हिसा हातात आला की फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी (तसाही तो टाकू नये) पाच मिनिटं बसून वाचावा. त्यावर चार गोष्टी बघायच्या.

पहिली, तो कुठे चालतो. साधारणपणे 'शेंगेन देश' असं लिहिलेलं असतं, ज्या देशानं दिला त्याच्या भाषेत. क्वचित एखाद्याच देशापुरता व्हिसा दिलेला असतो. तसा असेल तर शेजारी सोडा, बाकीच्या शेंगेनमध्येही जाता येत नाही.

दुसरी, प्रकार. पर्यटनाचा व्हिसा 'सी'. 'डी' हा लांब मुक्कामाचा, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी. 'ए' म्हणजे फक्त विमानतळावर विमान बदलण्यापुरता. तो घेऊन शेजाऱ्याकडे जायचा विचार मनातही आणू नका.

तिसरी, प्रवेशांची संख्या. ०१, ०२ किंवा मल्ट. सगळी मेख इथे आहे. शेंगेनच्या २९ देशांत तुम्ही कितीही फिरा, पॅरिस ते प्राग ते व्हेनिस, तो सगळा मिळून एकच प्रवेश. शेंगेनची बाहेरची सीमा ओलांडलीत की प्रवेश संपला. ०१ असेल तर व्हिसाची तारीख पंधरा दिवस पुढची असली तरी तो व्हिसा आता नुसती आठवण आहे. ०२ असेल तर एकदा बाहेर जाऊन परत येता येतं: डुब्रोव्हनिक, कोटोर, डुब्रोव्हनिक. पण त्यानंतर मोस्तार नाही.

यावर एक पळवाट लोक सुचवतात. ०१ असू दे, शेंगेन आधी फिरून घेऊ, शेवटी सर्बियाला जाऊ आणि बेलग्रेडहून थेट घरी. परत यायचंच नाही तर प्रवेश कशाला? कल्पना चतुर आहे, पण सर्बिया मागतो 'चालू' व्हिसा. शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद झाली की एकप्रवेशी व्हिसा वापरून संपला, छापील तारीख उरलेली असली तरी. समोरच्या अधिकाऱ्यानं तसं धरलं तर तुमच्याकडे बोलायला काही नाही. बोस्निया, उत्तर मॅसेडोनिया आणि अल्बानिया तर 'मल्ट' शब्दातच मागतात, तिथे वादही संपला.

चौथी गोष्ट, राहायचे दिवस. तारखा 'इथपासून इथपर्यंत' वेगळ्या आणि 'इतके दिवस' वेगळे. १ जून ते ३० जून अशा तारखा आणि १५ दिवस असं लिहिलं असेल, तर त्या महिन्यात कुठलेही १५ दिवस, महिनाभर नाही. सहल थोडी मागेपुढे झाली तर पंचाईत नको म्हणून वकिलाती तारखांत हे जास्तीचे दिवस मुद्दाम सोडतात.

दिवस मोजण्याचं गणित

शेजारच्या देशात घालवलेले दिवस शेंगेनच्या खात्यात मोजले जात नाहीत. मात्र शिरण्याचा आणि निघण्याचा दिवस दोन्ही पूर्ण धरले जातात, मग तुम्ही रात्री अकराला उतरलात तरी.

समजा व्हिसावर १५ दिवस आहेत आणि मल्ट आहे. ३ मे रोजी पॅरिसला उतरलात आणि १२ मे रोजी झाग्रेबहून सारायेवोला गेलात. ३ ते १२, दहा दिवस झाले. १७ मे रोजी परत क्रोएशियात आलात आणि २० मे रोजी विमानानं निघालात. १७ ते २०, चार दिवस. एकूण चौदा. सहल अठरा दिवसांची झाली, शेंगेनच्या हिशेबात चौदाच. मधले १३ ते १६ बोस्नियाचे. पण घड्याळ थांबलेलं नसतं. व्हिसाची शेवटची तारीख १८ मे असती, तर दिवस शिल्लक असूनही २० तारखेला तुम्ही बेकायदा ठरला असता.

लांब मुदतीच्या व्हिसावर ९०/१८०चा नियम लागतो. लोक तो 'सहा महिन्यांत तीन महिने' असा लक्षात ठेवतात आणि जानेवारी ते जून अशी खिडकी धरतात. खिडकी सरकती आहे. ज्या दिवशी तुम्ही शेंगेनमध्ये आहात त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजा, त्यात ९०पेक्षा जास्त दिवस शेंगेनमध्ये नकोत. प्रत्येक दिवशी पुन्हा मोजायचं. लेकीच्या बाळंतपणाला म्युनिकला जाऊन राहणाऱ्या आजीआजोबांना हे गणित सगळ्यात जास्त लागतं. मधल्या काळात आठवडाभर सर्बियाला गेलं म्हणून मोजणी शून्यावर येत नाही. ते सात दिवस फक्त वाढले नाहीत, एवढंच.

पूर्वी अधिकारी शिक्के पाहून बोटांवर मोजायचे, आणि एखादा शिक्का पुसट असला की निसटायचंही. १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमांवर शिक्क्यांच्या जागी संगणकी नोंद सुरू झाली आणि एप्रिल २०२६पर्यंत ती टप्प्याटप्प्यानं सगळीकडे लागू करायचं ठरलं. चेहऱ्याचा फोटो, बोटांचे ठसे, शिरल्याची आणि निघाल्याची वेळ. आता मोजणी यंत्र करतं आणि ते विसरत नाही. बाल्कन देशांचे शिक्के मात्र जपून ठेवा. शेंगेनमधून निघाल्याची नोंद कुठे राहून गेली, तर तुम्ही त्या दिवशी सारायेवोत होता हे सांगणारा तोच एक पुरावा.

खरा नाका मुंबईच्या विमानतळावर

सीमेवरचा अधिकारी फार पुढची गोष्ट आहे. त्याआधी भेटतो तो विमान कंपनीच्या काउंटरवरचा कर्मचारी. चुकीच्या कागदांनी एखाद्याला नेलं तर त्याला परत आणण्याचा खर्च कंपनीवर पडतो, वर दंडही होऊ शकतो. त्यामुळे तो कर्मचारी देशोदेशीचे नियम 'टायमॅटिक' नावाच्या माहितीकोशात बघतो, आणि तिथे जे लिहिलंय ते त्याच्यासाठी ब्रह्मवाक्य. तुम्ही मोबाइलवर कुणाचा व्हिडिओ दाखवलात तर तो हसेल, फार तर. म्हणून शेजारच्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरचं व्हिसा सवलतीचं पान छापून जवळ ठेवावं आणि निघण्याच्या आठवड्यात ते पुन्हा एकदा उघडून बघावं. महिन्याभरापूर्वीचं पान जुनं झालेलं असू शकतं.

परतीच्या तिकिटात एक छुपी अडचण असते. तिराना ते रोम ते पॅरिस ते मुंबई असं तिकीट स्वस्त मिळालं तर रोममध्येच तुम्ही शेंगेनमध्ये शिरता, कारण रोम ते पॅरिस हा आतला प्रवास. म्हणजे एक प्रवेश लागला. शेंगेनमध्ये दोन ठिकाणी विमान बदलत असेल तर तो प्रवेश शिल्लक आहे का, हे तिकीट काढतानाच बघायचं.

आणि हो, सवलत म्हणजे हक्क नव्हे. हॉटेलची नोंद, परतीचं तिकीट, खर्चाचे पैसे हे बाल्कनचा अधिकारीही मागू शकतो आणि समाधान झालं नाही तर परत पाठवू शकतो.

विम्याचं एका वाक्यात: शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचा विमा काढलेला असतो, पण त्याच्या कागदावर 'शेंगेन' लिहिलंय की 'युरोप' ते बघा, नाहीतर बोस्नियात पाय मुरगळला तर खिशातून. भाड्याची गाडी सीमेपलीकडे न्यायची असेल तर कंपनीची लेखी परवानगी आणि तिकडचा विमा आधीच मागा. फोनच्या 'युरोप पॅक'चंही तसंच.

निऊमचा तो तुकडा

क्रोएशियाच्या किनाऱ्यावरून स्प्लिटहून डुब्रोव्हनिकला गाडीनं जाताना मध्ये काही किलोमीटर बोस्नियाचे येतात. निऊम नावाचं गाव, बोस्नियाला मिळालेला समुद्राचा एवढाच तुकडा. १६९९मध्ये, म्हणजे आपल्याकडे छत्रपती राजाराम महाराज मोगलांशी झुंजत होते त्या काळात, डुब्रोव्हनिकच्या व्यापारी प्रजासत्ताकानं व्हेनिसपासून अंतर राखायला ही जमीन तुर्कांच्या ताब्यात जाऊ दिली. तीनशे वर्षांनंतर तिचा ताप पर्यटकांना. क्रोएशिया शेंगेनमध्ये आल्यापासून निऊममधून गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येता. अर्ध्या तासाच्या रस्त्यासाठी एक प्रवेश.

यावर उपाय म्हणजे पेल्येशात्सचा पूल. जुलै २०२२मध्ये तो खुला झाला, सुमारे २.४ किलोमीटर लांब, समुद्रावरून. त्यानं गेलात तर क्रोएशियातून क्रोएशियातच. पण गाडीतला नकाशा जवळचा रस्ता म्हणून कधी निऊमही दाखवतो. ०१ वाल्यांनी पुलाचा रस्ता आधीच ठरवून टाकावा, आणि बसचं तिकीट काढताना 'निऊमवरून की पुलावरून' एवढं विचारावं.

हेच तर्कशास्त्र इतरत्र

पाटलांच्या पाहुण्याला चहा देणारे फक्त बाल्कनात नाहीत. अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना मेक्सिको वेगळा व्हिसा मागत नाही. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात भारतीय आणि चिनी पर्यटकांसाठी ठरावीक व्हिसांवर दोन्हीकडे जाण्याची सोय आहे, पण ज्यानं व्हिसा दिला त्याच्याकडे आधी जायचं ही अट. अल्बानियाची आठवण येते ना? सायप्रस शेंगेनचा दुहेरी किंवा बहुप्रवेश व्हिसा मानतो. कुठेही गेलात तरी विचारायचं तेच: कुठला व्हिसा, किती प्रवेशांचा, आधी वापरलेला हवा का, किती दिवस उरलेले हवेत.

अर्ज भरतानाच

मल्ट हवा असेल तर तो अर्जातच मागायचा असतो. किती प्रवेश हवेत असा रकाना असतो आणि घाईत अनेक जण 'एक' वर खूण करून मोकळे होतात, किंवा भरून देणारा एजंट करतो. शेजारच्या देशाचा बेत असेल तर तो लपवू नका. उलट प्रवासाच्या आराखड्यात लिहा: अमुक तारखेला डुब्रोव्हनिकहून कोटोर, दोन रात्री, परत डुब्रोव्हनिक, आणि कोटोरच्या हॉटेलची नोंद जोडा. एकापेक्षा जास्त प्रवेश का हवेत याचं याहून सरळ कारण नाही. तरी द्यायचा की नाही हे वकिलातीच्या हातात.

एप्रिल २०२४पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एक चांगला नियम आला. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नीट वापरलेले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पासपोर्टची मुदत तेवढी उरलेली हवी, नाहीतर व्हिसाही कमी मुदतीचा मिळेल. जून २०२४पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे, एकप्रवेशी असो वा बहुप्रवेशी, सारखीच.

आईबाबांचा तो पहिला व्हिसा होता. दुसरा गेल्या वर्षी झाला, तोही नीट वापरून झाला. तिसऱ्या अर्जाच्या वेळी प्रवेशांच्या रकान्यावर खूण करायला पेन आईनं माझ्या हातून काढून घेतलं.